पलीकडचं टोक

कुठल्याही वस्तूला बाबा आधी हाताची मागची बाजू लावत. नळ असो, दाराची कडी असो, चहाचा कप असो. बोटांची पाठ अलगद टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच ती वस्तू मुठीत घ्यायची. वायरमनच्या धंद्यात हे पहिल्या दिवशीच शिकवतात. तळहातानं चालू वायर धरली तर मूठ आपोआप आवळते आणि सुटता सुटत नाही. मागच्या बाजूनं लागली तर हात झटक्यानं दूर फेकला जातो. पण बाबांची सवय धंद्यापुरती राहिली नव्हती. लेक तापानं फणफणली की तिच्या कपाळालाही ते तसाच हात लावत. आई होती तेव्हा म्हणायची, "पोर आहे ती, स्विचबोर्ड नव्हे." त्यावर बाबा म्हणत, "तुला तरी पहिल्यांदा कुठे सरळ हात लावला होता?" आणि आई चिडून स्वयंपाकघरात निघून जायची. तिचं ते चिडणं लटकं होतं, हे कळायला लेकीला मोठं व्हावं लागलं.

नव्या इमारतींची कामं बाबांना आवडत नसत. कोऱ्या भिंतीत वायर घालणं म्हणजे त्यांना बाहुलीचं लग्न लावल्यासारखं वाटे. त्यांना बोलावणी येत ती बंद पडलेल्या वास्तूंची. जे पूर्वी एक होतं आणि आता दुसरंच काही व्हायचं होतं, तिथे बाबा जात. त्यांच्या हातून एका गोदामाची घरं झाली, एका सिनेमागृहाचा दवाखाना झाला, एका बँकेच्या तिजोरीच्या खोलीत पाळणाघर निघालं. "तिथली पोरं कुठे जात नाहीत, दारच तसं आहे," असं ते आल्यागेल्याला सांगत. त्यांचा जोडीदार म्हणजे ठेंगू. उंची अशी, की शिडीशिवाय छताला हात लागायचा. म्हणून सगळे त्याला ठेंगू म्हणत.

ठेंगू आणि बाबांचं शेवटचं मोठं काम म्हणजे ती शाळा. अंध मुलांची निवासी शाळा होती ती, कित्येक वर्षं बंद. दुमजली, लांबच लांब, मधोमध व्हरांडा आणि दोन्ही अंगांना खोल्या. आता तिथे कुटुंबांसाठी घरं निघणार होती, आणि त्यातलं एक, वरच्या मजल्यावरचं, सोडतीत लेकीच्या नावावर आलं होतं. लेकीला दिवस गेले होते. सासरी एका खोलीत मधे पडदा लावून दोन संसार चालले होते. रात्री कूस बदलायची तरी पलीकडच्या जाऊबाई खाकरायच्या. सोडतीत नाव निघालं तेव्हा ती बाबांच्या गळ्यात पडून रडली होती. बाळ आपल्या घरात जन्माला यावं, एवढीच तिची इच्छा होती.

"बोर्ड कुठे पाहिजे ते येऊन दाखव," बाबा म्हणाले होते. "नाहीतर आयुष्यभर म्हणशील, पलंगामागे स्विच देऊन ठेवला."

ती गेली तेव्हा गवंडी व्हरांड्याच्या भिंतीतून लोखंडी कड्या उपटत होते. कमरेपेक्षाही खाली, एका ओळीत, खोलीमागून खोलीत शिरत गेलेल्या कड्या.

"बकऱ्या बांधत होते की काय इथं?" ठेंगूनं विचारलं.

साइटवरची इंजिनिअर बाई हसली नाही. "दोरी असायची त्यातून," ती म्हणाली. "पोरं ती धरून जायची. झोपायच्या खोलीतून जेवणाच्या खोलीत, तिथून वर्गात. एकामागून एक."

ठेंगूनं एका कडीत बोट घालून पाहिलं. आतली बाजू झिजून गुळगुळीत झाली होती. त्यानं बोट पटकन काढून घेतलं.

लेकीची झोपायची खोली छान होती. मोठी खिडकी, फरशीवर उन्हाचा लांबट तुकडा. भरदुपार होती. इमारतीत अजून वीज जोडलेली नव्हती, त्यामुळे सगळीकडे एक सपाट शांतता होती. ती पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली. बाबा भिंतीशी उकिडवे बसले होते. बोर्डासाठी कोरलेल्या खोबणीत एका जुन्या पाइपाचं तोंड उघडं पडलं होतं. तो भिंतीतून व्हरांड्यातल्या वायरिंगच्या डब्यात निघत असणार, असा त्यांचा अंदाज होता. काम रोजचंच. एकानं इकडून वायर सारायची, दुसऱ्यानं पलीकडे टोक धरून ओढायचं. मधे भिंत, त्यामुळे सगळा कारभार ओरडून. आली का? आली. सोडतोय. बास.

ठेंगू व्हरांड्याकडे गेला. बाबांनी वायर सारली. बरीच आत गेल्यावर ते ओरडले, "आली का रे?"

उत्तर आलं नाही, पण वायरला हात लागला. बाबांच्या बोटांतून ती सरकली.

"सोडतोय!" बाबा म्हणाले, आणि फरशीवरचं वायरचं भेंडोळं सळसळत फिरू लागलं. वायर थोडी आत जायची, थांबायची, पुन्हा तेवढीच जायची. बाबांना कौतुक वाटलं. "आज याला झालंय काय? एरवी बैलासारखे हिसडे देतो. आज बघ, बाळा, कसा मऊ हात लागलाय. बायकोशी गोडी झालेली दिसते."

ती हसली. आणि मागून दारातून आवाज आला, "कुणाच्या बायकोचं काय?"

ठेंगू दारात उभा होता. दोन्ही हातांत मिळून चहाचे तीन ग्लास. "म्हटलं, ताई आल्यात, आधी चहा आणावा. तुम्ही सुरू पण केलंत, दादा? पलीकडे कोण आहे?"

भेंडोळं अजून फिरत होतं.

चहा कलंडून ठेंगूच्या अंगठ्यावरून ओघळत होता, तरी त्याला पत्ता नव्हता. थोडी वायर, मग थांबणं. थोडी वायर, मग थांबणं. लेकीनं दोन्ही हात नकळत पोटावर ठेवले. बाबांच्या तोंडून जे निघालं ते भीतीनं निघालं नाही, सवयीनं निघालं. कामावरच्या त्याच आवाजात ते म्हणाले, "बास."

वायर थांबली.

व्हरांड्यातला डबा त्यांनी उघडून पाहिला. आत वायर नव्हती. पाइपाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं, जुनं, धुळीनं करडं झालेलं, अखंड.

बाबा परत आले. दोन बोटांत वायर धरून त्यांनी ती हलकेच मागे घेऊन पाहिली. आली नाही. अडकली म्हणावं तर तसंही नाही; पलीकडून कुणी धरून ठेवावी तशी.

"हिसका द्या, दादा," ठेंगू कुजबुजला. "सुटेल."

"नको."

"का?"

"पडेल कुणीतरी," बाबा म्हणाले.

घरी जाताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले होते. मधेच म्हणाले, "ओढत नव्हतं गं कुणी. ओढणारा एकदम जोर लावतो, मग दम खातो. इथे पावलं टाकल्यासारखं होतं. हातापुढे हात टाकत कुणीतरी येत होतं."

"येत होतं? कुठे?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "वायरचं हे टोक तुझ्या खोलीत आहे, राणी. चूक माझी. त्या भिंतींना दोरीची सवय, आणि मी आत दोरी सोडली."

त्यानंतर बापलेकीत जे भांडण जुंपलं, तसं आधी कधी झालं नव्हतं. बाबांचं म्हणणं एकच: तू माझ्या घरात राहा, मी तिथे राहतो. तिचं म्हणणं: माझं घर मी का सोडू?

"वायर कापा आणि भोक बुजवून टाका, बाबा! लोक काय, घरं सोडतात का अशी?"

"कापतो. आणि जो अर्ध्या वाटेत आहे, त्यानं काय धरायचं?"

"मला नाही माहीत! मला माझ्या बाळाचं बघायचंय."

"मी तेच बघतोय," बाबा म्हणाले.

जावईबापूंनी तिला बाजूला घेऊन समजावलं, की सासऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झाला असेल कदाचित, पण त्यांच्या घराला पुढे अंगण आहे, तेव्हा फार ताणू नये. ती नवऱ्यावरही उखडली. खरं तर तिला खिडकीचं दुःख नव्हतंच. बाबा आईचं घर सोडायला निघाले होते. जिथे आईची हाक अजून कोपऱ्याकोपऱ्यात होती, ते घर सोडून एकट्यानं त्या भिंतीशी राहायला निघाले होते. त्यांनी हट्ट सोडला नाही. शेवटी तिनंच हात टेकले. बाबांनी एकच अट घातली: बाळाला तिकडे कधी आणायचं नाही. भेटायला मीच येईन.

मुलगी झाली. बाबा नेमानं येत, तिला मांडीवर घेत, गप्पा मारत. त्या घराबद्दल विचारलं तर म्हणत, "बरं आहे. हवा खेळती आहे." लेक मात्र मधून मधून एकटी त्यांच्याकडे जाऊन येई. खोलीतल्या दिव्यांसाठी बाबांनी वरून, छताच्या कडेनं वेगळी वायर नेली होती. खालची ती वायर मात्र त्यांनी खोबणीतून बाहेर काढून भिंतीवर आणली होती. खिळ्याखिळ्यानं, कमरेपेक्षाही खाली, खोलीतून दारापर्यंत. दाराच्या चौकटीला भोक पाडून बाहेर. आणि जिन्याच्या भिंतीनं थेट फाटकापर्यंत. त्या भिंतीशी त्यांनी खुर्ची ठेवली नव्हती, कपाट नव्हतं, चपलासुद्धा नव्हत्या. पलंग खोलीच्या मधोमध होता.

शेजारच्या बाई तिला म्हणाल्या, "वडिलांना जिन्यात आधार लागतो वाटतं. पण फारच खाली लावलीये हो. वाकावं लागत असेल."

बाबा ती वायर कधीच धरत नसत. तरी तिच्यावरचं वेष्टण जागोजागी घासून चकचकीत झालेलं लेकीनं पाहिलं. तिनं विचारलं नाही. एकदाच, निघता निघता ती म्हणाली, "बाबा, किती आहेत?"

"मोजत नाही," ते म्हणाले. "बाहेर जातायत ना, झालं. ज्यांना कुणी न्यायला आलं नाही, त्यांना निदान रस्ता तरी."

वर्ष सरलं. नात भिंतीला धरून उभी राहू लागली. मग बाबांना ताप आला आणि ते आले नाहीत. ठेंगूनं निरोप दिला, की दादा उठत नाहीत, जेवत नाहीत. त्या दिवशी घरी पोरीला सांभाळायला कुणी नव्हतं. लेकीनं तिला कडेवर घेतलं आणि निघाली. अट तिला आठवत होती. दिवसाउजेडी तासाभरानं काय होतंय, असं तिनं स्वतःला समजावलं.

बाबा पडून होते. नातीला पाहून त्यांचा चेहरा आधी उजळला, मग उतरला. "हिला का आणलंस?" पण नात फरशीवर रांगत पुढे गेली होती. लेक स्वयंपाकघरात पेज ठेवायला वळली, तेवढ्यात मागून पोरीचं खिदळणं ऐकू आलं.

ती वळली. नात भिंतीशी उभी होती, आणि चालत होती. पहिल्यांदाच. एका हातानं वायर धरलेली, दुसरा हात हवेत वर, कुणाच्या तरी हातात द्यावा तसा. थोडी पावलं, मग थांबणं. थोडी पावलं, मग थांबणं. दाराच्या दिशेनं. दार उघडं होतं.

तिनं झेप घेतली असती, पण बाबा आधीच उठले होते. तापानं लटपटत ते नातीपुढे गुडघ्यांवर बसले. तिची वायरीवरची मूठ त्यांनी एकेक बोट करत सोडवली, जराही हिसका न देता. मग त्या हवेतल्या हातापाशी पाहून, लहान मुलांना समजावतात त्या सुरात म्हणाले, "ही नाही. ही आमची आहे. तुम्ही चला पुढे."

नातीचा वर धरलेला हात खाली आला.

त्यांनी तिला उचलून लेकीच्या कडेवर दिलं. लेक रडत होती. "तुम्हीही चला, बाबा. आत्ताच्या आत्ता चला."

"पेज उतरवून ठेव आणि जा," ते म्हणाले. "ठेंगू येतोय संध्याकाळी. मला काही होत नाही."

ठेंगू पोचला तोवर बाबा गेले होते. त्याआधी ते आणखी काही बोललेही असतील. ऐकणारं आपल्यापैकी कुणी नव्हतं. लेकीशी ते शेवटचं बोलले ते दारात, चौकटीला टेकून. दुपारची वेळ, सगळे कामावर गेलेले, खाली फाटकापर्यंत जिना रिकामा. बाबांनी नातीचं टोपडं सारखं केलं, जिन्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले,

"कठड्याच्या बाजूनं उतर गं. भिंतीकडे गर्दी असते या वेळेला."