कुंडलिकबुवांचे पाटकर साहेब

कुंडलिकबुवांचा गुडघा पंधरा वर्षं दुखत होता. कोणता दुखतोय, ते मात्र दर वेळी बदलायचं. आमचं गाव मुरबाडपासून आत. मुरबाडात डॉक्टर होते, कल्याणला तर विचारूच नका. पण बुवांच्या गुडघ्याला गुण यायचा तो शहापूरच्या एका वैदूच्या तेलाने, आणि तो वैदू भेटायचा फक्त मंगळवारी. इतका नेमाचा वैदू मी दुसरा पाहिला नाही.

बुवा आमच्या भजनी मंडळाचे प्रमुख. त्यांच्या मागे बसून मी टाळ वाजवायचो. धोतर, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. कुणाच्या ओट्यावर पोरं पत्ते पिसताना दिसली की बुवा तिथे थांबायचे आणि जुगाराने माणूस कसा जातो, ते समजावून सांगायचे. सांगायचे फार छान. हरणारा माणूस पत्ता उचलताना कसा श्वास घेतो, हेसुद्धा करून दाखवायचे. एवढे बारकावे यांना कुठून कळले, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही माना डोलवत होतो.

पुढचं मला त्यांच्या मुलीने, रेश्माने, सांगितलं. थोडं तिच्या नवऱ्याने.

शहापूरला एसटीतून उतरले की बुवा कोंडू मास्तर नावाच्या शिंप्याच्या दुकानात शिरत. मागच्या खोलीत धोतर, टोपी, माळ खुंटीवर जायची, खुंटीवरची पँट आणि चौकडीचा बुशशर्ट अंगावर यायचा, आणि मागच्या दाराने पाटकर साहेब बाहेर पडायचे. रेल्वेतून रिटायर, राहणार कसारा, डोळ्यांवर काळा चष्मा, मनगटावर बंद पडलेलं घड्याळ. बाजारामागच्या एका खोलीत तीन पत्तीचा डाव बसायचा, तिथे साहेबांना मान होता. एकदा खराखुरा रेल्वेवाला खेळायला आला आणि साहेब कोणत्या खात्यात होते, असं त्याने विचारलं. साहेबांनी गंभीरपणे सांगितलं, फास्ट गाड्यांच्या. तो माणूस हसला आणि त्याने पत्ते वाटायला घेतले. त्या खोलीत जो तो घरी काहीतरी वेगळंच सांगून आलेला असल्यामुळे कुणी कुणाच्या खोलात जात नसे.

अठ्ठ्याण्णव साली तिथे साईनाथ नावाचा मुलगा येऊ लागला. आटगावचा, आसनगावच्या एका कारखान्यात फिटर, मंगळवारी सुट्टी. हरला तरी चहा पाजणारा. बुवांना मुलगा नव्हता. पाटकर साहेबांना तो मिळाला. कधी पत्ते टाकून गप्प बसावं, हे त्यांनी त्याला शिकवलं. तोही सख्ख्या बापाला सांगणार नाही ते त्यांना सांगू लागला. मुरबाडच्या एसटी स्टँडवर एक मुलगी भेटते, टायपिंगच्या क्लासला येते, चार महिने बोलणं आहे, वगैरे. साहेबांनी नाव विचारलं नाही. सल्ला मात्र ठणठणीत दिला.

"मुलीचं मन हाय ना? मग रीतसर मागणी घाल. बाप नाय म्हणला, तर बाप मूर्ख."

पंधरा दिवसांनी साईनाथचा काका रीतसर मागणी घेऊन आमच्या गावात आला आणि कुंडलिकबुवांच्या ओट्यावर बसला. बुवांनी मुलाचा फोटो पाहिला. पाणी मागवलं. मग म्हणाले, जमणार नाही, मुलगा पत्ते खेळतो. त्यांच्या बायकोने, गिरजाकाकूंनी, हे कुणी सांगितलं असं विचारलं, तेव्हा बुवा म्हणाले की, अगदी खात्रीच्या माणसाने. मंगळवारच्या बाबतीत बुवा घरी पहिल्यांदाच खरं बोलले होते; तो खात्रीचा माणूस ते स्वतःच होते.

पुढच्या मंगळवारी साईनाथ पडेल चेहऱ्याने डावाला बसला आणि त्या आडमुठ्या माळकऱ्याबद्दल त्याच्याच तोंडावर जे बोलायचं ते बोलला. पाटकर साहेबांना हं हं करत ऐकून घ्यावं लागलं. मग पोराला कल्पना सुचली. तुमच्यासारख्या वडीलधाऱ्याने जाऊन रदबदली केली तर तो बुवा ऐकेल, असं तो म्हणाला. साहेब टाळू लागले. तेव्हा साईनाथने सगळ्यांसमोर पैज लावली. हा डाव मी जिंकलो तर तुम्ही जायचं, हरलो तर मी त्या मुलीचं नाव पुन्हा काढणार नाही.

साहेबांनी पत्ते वर केले. इस्पिकचे राजा, राणी आणि गुलाम. असा हात दहा वर्षांत एकदा येतो. पोटच्या पोरीचं लग्न पणाला लागलेलं असताना त्यांनी तिन्ही पत्ते सफाईने एका ओळीत उघडले. साईनाथने तीन दुर्र्या टाकल्या, आणि तीन सारख्या पत्त्यांपुढे राजा-राणीचं काही चालत नाही.

घरी दिलेला शब्द बुवांनी कितीदा मोडला, ते गिरजाकाकूंना विचारा. पण डावातला शब्द म्हणजे इभ्रतीचा प्रश्न. दोन दिवस पाटकर साहेबांनी कुंडलिकबुवांची समजूत घातली आणि तिसऱ्या दिवशी बुवांनी जाहीर केलं की खात्रीच्या माणसाची माहिती चुकीची होती.

सुपारी फोडायला आटगावची मंडळी आली ती ऐन वैशाखात. बुवा कानाला मफलर गुंडाळून, ताप आल्याचं सांगत कोपऱ्यात बसले आणि खालच्या आवाजात दोन-दोन शब्द बोलू लागले. साईनाथने त्यांना चष्म्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं. अर्धा तास सगळं निभावलं. मग कुणीतरी पानाचं तबक बुवांपुढे सरकवलं. बुवांनी अंगठा जिभेला लावला आणि विड्याची पानं पाहुण्यांपुढे एकेक करून अशी सरासर टाकली, की प्रत्येकापुढे बरोबर तीन पडली. मी तिथेच होतो. साईनाथने आपल्या तीन पानांकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. निघताना वाकून पाया पडला आणि हळूच म्हणाला, "पाटकर साहेबांना माझा नमस्कार सांगा."

"सांगतो," बुवा म्हणाले.

हे मागे उभ्या असलेल्या रेश्माने ऐकलं. पाटकर कोण, असं तिने आईला विचारलं. गिरजाकाकू तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"तुझा बापूस. पंधरा वर्षं तेल आणतो, घरात एक बाटली नाय. मी एकदा शहापूरला गेलेली, तवा पाहिला पँटीत."

"मग बोलली का नाय गो आये?"

"मंगळवारी घर शांत असतं."

बाकीचं रेश्माने साईनाथकडून काढून घेतलं, पैजेसकट. आणि मग ती महिनाभर बाप आणि साईनाथ, दोघांशीही बोलली नाही. लग्न मोडणार असं सगळ्यांना वाटू लागलं. शेवटी मुरबाडच्या स्टँडवर तिने त्याला एकच विचारलं, "तुमी हरला असता तर?"

"तर शब्द मोडला असता," तो म्हणाला. "त्या खोलीत तोंड दाखवलं नसतं परत."

एका जुगाऱ्याकडून याहून शहाणं काही ऐकायला मिळणार नाही, असा तिने हिशोब केला आणि त्या खोलीत कधी पाऊल न टाकण्याच्या अटीवर लग्नाला उभी राहिली. बापाला ती काहीच बोलली नाही. फक्त शहापूरला जाऊन कोंडू मास्तरकडची पँट आणि बुशशर्ट घेऊन आली, धुतले, इस्त्री केले आणि बुवांच्या पेटीत धोतरांच्या वर ठेवून दिले. खोलीतल्या मंडळींना कळवण्यात आलं की पाटकर साहेब मुलाकडे नाशिकला राहायला गेले.

बुवांचे दोन्ही गुडघे एका दिवसात बरे झाले. पण आता मंगळवारी ते दिवसभर घरात असायचे. दोन महिने सोसून गिरजाकाकूंनी त्यांना दर मंगळवारी लेकीकडे आटगावला धाडायला सुरुवात केली.

तिथे सासरे-जावई ओट्यावर समोरासमोर बसायचे आणि बोलायला काही नसायचं. भात कसा आहे, बरा आहे. ड्युटी कशी आहे, बरी आहे. पाटकर साहेबांशी तासन्‌तास बोलणारा साईनाथ कुंडलिकबुवांपुढे मान खाली घालून कप धरून बसायचा, आणि बुवा रस्त्याकडे बघत. रेश्माने हे पाच-सहा मंगळवार पाहिलं. तिला दोघांचा राग होता, तो अजूनही आहे. पण एके दिवशी तिने दुकानातून पत्त्यांचा नवा जोड आणून दोघांच्या मधे ठेवला. म्हणाली, पैसे लावायचे नाय, आणि आत चहा ठेवायला गेली.

बिनपैशाचा डाव म्हणजे अळणी कालवण, असं बुवा दोन हजार सातपर्यंत, म्हणजे जाईपर्यंत म्हणत राहिले. दर मंगळवारी आटगावला जाऊन म्हणायचे. आत रेश्माला त्यांचं हसू ऐकू यायचं. तसं हसताना तिने त्यांना घरी कधीच ऐकलं नव्हतं.