कोकिळाबाईचा मोर

अल्लीपूरच्या कोकिळाबाईसारखा हात आख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नव्हता. कुणाला पटत नसेल तर त्यानं खुशाल भांडायला यावं! नव्वदच्या त्या दशकात एक्सप्रेस कॉफीशिवाय लगीन म्हणजे लगीनच नाही, असं सारे धरून चालले होते. तिचा नवरा गोमाजी मांडवात कॉफीची मशीन लावायचा. खाली शेगडी, वर टाकी, नळीतून फस्सकन वाफ. ती बाजूला उभी राहून कपातल्या फेसावर चॉकलेटची पूड भुरभुरायची अन् आगपेटीच्या काडीनं असा मोर काढायची की वऱ्हाडी प्यायचं सोडून बघतच राहायचे.

मग गोमाजीला दम्यानं धरलं. वाफेपाशी जायची सोय राहिली नाही. थोरला दीर रूपराव म्हणाला, "बाई मशीनवर उभी राह्यली त लोकं हासतीन. मशीन हिंगणघाटच्या हेमराजले देऊन टाकू, त्याचाबी हाच धंदा हाय."

कोकिळाबाई गप्प बसणारी थोडीच! "काऊन हासतीन? कॉफी काय मिशीनं फेटावी लागते?"

चातुर्मासात लग्नं नसतात, मशीनवाले रिकामे. म्हणून श्रावणात ते सारे वर्ध्याच्या एका मंगल कार्यालयात जमायचे अन् हसतखेळत पैज लावायचे, कुणाचा कप देखणा. शेवटी घरात असं ठरलं, की त्या पैजेत कोकिळाबाई जिंकली तर मशीन तिची, नाही तर हेमराज घेऊन जाईल.

परीक्षक होते म्हातारे आचारी अण्णाजी. ज्याला त्याला एक माप दूध, अन् पहिला कप अण्णाजींच्या हातात, एवढाच नियम. पहिलाच, कारण दूध एकदाच फुलतं. दुसऱ्यांदा वाफ दिली की फेस बसतो. हेमराजनं कलश काढला, चांगला काढला. कोकिळाबाईनं मोर काढला. अरे बाप्पा, काय तो मोर! पिसारा पार कपाच्या काठापर्यंत. हेमराजसुद्धा "वा!" म्हणून गेला.

अन् कप उचलून ती सरळ दाराकडं चालली. तिथं कार्यालय झाडणारी शकुबाई चौकटीला टेकून उभी होती, श्रावण सोमवारच्या उपासानं तोंड सुकलेलं.

"घे माय, गरम हाय तवरच," कोकिळाबाई म्हणाली. शकुबाईनं घोट घेतला. मोर गेला पोटात!

रूपरावनं कपाळावर हात मारला. "बह्याड झाली का वो तू!"

तेव्हा कुठं कोकिळाबाई भानावर आली. डोळे भरून आले तिचे. "सवय हो, अण्णाजी. मांडवात पहिला कप मी नवरीच्या मायले देते. कन्यादान होईपर्यंत बिचारी उपाशी राह्यते, अन् साऱ्यांचं करता करता तिले कोनी पुसत नाई. हिचं सुकलेलं तोंड दिसलं अन् हात तिकडंच गेला."

उरलेल्या दुधाला फेस चढला नाही. अण्णाजींना वाईट वाटलं, पण नियम तो नियम. जिंकल्याचा नारळ हेमराजला मिळाला.

"घे बावा, घेऊन जाय," म्हणत रूपराव मशीन उचलायला वाकला.

हेमराज नारळ धरून उभाच. इतकी वर्षं मांडवात काढली, पण नवरीची माय त्याला कधी दिसलीच नव्हती.

"मशीन वैनीजवळच राहू द्या, रूपरावभाऊ," तो म्हणाला अन् कोकिळाबाईकडं वळला. "वैनी, मार्गशीर्षात माह्या पोरीचं लगन हाय. मशीनवर तुम्हीच उभ्या राह्यजा. अन् आधी दोन कप काढजा. बापालेबी उपास राह्यते."