माती पुरी होईपर्यंत

मला गाता येत नाही. स्वतः गाताना सूर कुठे सुटला ते मला कळत नाही, दुसऱ्याचा सुटला की मात्र लगेच कळतं. म्हणून जन्मभर मी चर्चमध्ये नुसते ओठ हलवले आणि कान उघडे ठेवले. आता साठी उलटल्यावर वाटतं, डोळ्यांसारखे कानही मिटता आले असते तर किती बरं झालं असतं. कारण आमच्या मंडळीत वर्शिप टीम आली आहे.

टीमचा पुढारी मुंबईत नोकरी करून परत आलेला, तिशीचा गृहस्थ. गाणं सुरू करण्याआधी तो हात वर करून "फील करा" म्हणतो. अरे, पण फील करायला आधी काही ऐकू यायला नको का? गिटारवाल्याची तार उतरलेली असते, पण ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण मोबाइलमधला तयार ट्रॅक सगळ्यांवर पांघरूण घालतो. त्यात व्हायोलिनं असतात, घंटा असतात, एकदा तर टाळ्याही होत्या. देवासमोर भाड्याच्या टाळ्या! नाताळात यांनी धुराचं मशीन आणलं. पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या खोकून हैराण झाल्या आणि हा आपला डोळे मिटून गातोच आहे. डोळे मिटले की भक्ती होते, असा या लोकांचा पक्का समज आहे.

जुन्या वळणाचं सगळंच मला गोड लागतं असंही नाही. एकदा बाहेरगावचे एक शास्त्रीय गायक बोलावले होते. त्यांनी 'प्रभू' या दोन अक्षरांवर इतक्या ताना घेतल्या की प्रत्यक्ष प्रभूलाही आपलं नाव ओळखता आलं नसतं. शेवटी ते समेवर आले तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि त्यांना वाटलं दाद मिळाली.

मला ज्याचं वाजवणं आवडायचं तो माझा थोरला भाऊ. शाळेत चित्रकला शिकवायचा आणि रविवारी पेटी वाजवायचा. वादक म्हणून काही फार मोठा नव्हता. बोटं जाड, हात जरा जडच. पण तो वाजवताना लोकांचं ऐकायचा. पावसाळ्यात अर्धी मंडळी सर्दीने बसलेली असली की न सांगता सूर खाली आणायचा. आणि चुकला तर थांबायचा. भर उपासनेत पेटीवरचा हात उचलून मोठ्याने म्हणायचा, "चुकलं. परत घेतो." समोर लग्नाचं जोडपं असो नाहीतर पाहुणे पाळक. लहानपणी मला शरम वाटायची. मोठेपणी त्या तीन शब्दांसाठी मी दादावरून जीव ओवाळून टाकला असता. नंतर त्याचे गुडघे गेले, चर्चच्या पायऱ्या चढवेनात, आणि त्याची पेटी कपाटावर जाऊन बसली. टीमला तेवढंच हवं होतं.

दादाचं खरं वाजवणं कबरस्तानात ऐकावं. आमच्याकडे शवपेटी कबरीत उतरली की गाणं सुरू होतं, आणि माती पुरी होईपर्यंत ते थांबवत नाहीत. मेलेल्याच्या माणसांना ढेकळं पडल्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. इथली जमीन जांभ्याची. खणताना निघालेले दगड मातीबरोबर परत आत जातात, आणि त्यांचा आवाज काळीज कापणारा असतो. दादा खुर्चीवर बाजाची पेटी ठेवून उभ्याने वाजवायचा आणि नजर घमेल्यांवर ठेवायचा. धिप्पाड माणूस असला तर गाण्यामागून गाणी. एकदा तान्हं मूल होतं. तेव्हा एकच कडवं पुरलं असतं, पण ते त्याने इतकं सावकाश नेलं की आईला मुठीने माती टाकायला वेळ मिळाला.

तो दादा गेल्या मार्चमध्ये गेला. मुलगी मुंबईहून येईपर्यंत मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातून बर्फ आणून ठेवला होता. बर्फाच्या लाद्यांशेजारी बसून राजापूरच्या माझ्या वहिनीने मला एवढंच सांगितलं, "गाणं मध्येच थांबता नये हां गो. ह्यांनी कुणाचं थांबू दिलं नाही."

मी उठून टीमच्या पुढाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "आंटी, टेन्शन नका घेऊ, आम्ही सगळं बघतो."

"माती पुरी होईपर्यंत गाणार ना?"

"प्लेलिस्ट आहे, आंटी."

कबरीशी त्याने एक गोल स्पीकर ठेवला, लहानशा कलिंगडाएवढा. गाणं ओळखीचंच होतं, पण ट्रॅकचा सूर इतका वरचा की म्हाताऱ्यांनी पहिल्या ओळीतच नाद सोडला. मोबाइलला काय, समोर कोण उभं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दादाच्या कबरीवर लोक पाहुण्यांसारखे गप्प उभे राहून स्पीकर ऐकत होते. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

कबर अर्धी भरली आणि गाणं संपलं. मग एक बाई लाडिक आवाजात बोलू लागली. बाथरूमच्या फरशीवरचे डाग एका धुण्यात कसे जातात ते ती माझ्या भावाला सांगत होती. फुकटच्या प्लेलिस्टीतली जाहिरात! पुढाऱ्याने धडपडत मोबाइल उचलला, अंगठा दाबदाब दाबला. बाई गप्प झाली आणि पुढचं गाणं काही लागेना, कारण कबरस्तानाच्या त्या उघड्या कातळी सड्यावर रेंजच गेली होती. त्याच वेळी घमेल्यातून जांभ्याचा दगड आत पडला, धप्प. वहिनीने दचकून माझ्याकडे पाहिलं.

"अरे, कोणीतरी सूर द्या!" मी म्हटलं. टीममधली माणसं एकमेकांची तोंडं बघत राहिली. ट्रॅकशिवाय कुठून उचलायचं ते एकालाही ठाऊक नव्हतं. दुसरा दगड पडला.

मग मीच तोंड उघडलं. दादाचं नेहमीचं गाणं धरलं, पण ज्या सुरात धरलं तो सूर देवालाच माहीत. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला आणि बंद पडला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला त्या कबरीत उडी टाकावीशी वाटली. आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "चुकलं. परत घेते."

गर्दीत एकदम चुळबुळ झाली. ते शब्द ऐकत त्यातले निम्मे लोक म्हातारे झाले होते. वहिनी हसली, हसता हसता रडायला लागली, आणि रडतच तिने माझ्यापेक्षा पुष्कळ खाली, सगळ्यांना झेपेल असा सूर लावला. मागून पुरुष आले. कोणी पुढे, कोणी मागे, कोणाचे शब्द वेगळे. पण क्रूस रोवून होईपर्यंत गाणं थांबलं नाही, आणि दगडाचा आवाज पुन्हा ऐकू आला नाही. मीही सोडलं नाही. माझा सूर शेवटपर्यंत लागला नाही, हे मला त्या दिवशी स्वतःलाही कळत होतं.

निघताना पुढारी स्पीकर काखोटीला मारून माझ्याजवळ आला. "सॉरी आंटी. पुढच्या वेळी डाउनलोड करून ठेवतो."

पुढच्या वेळी म्हणजे कोणाच्या, ते तो बोलला नाही, पण त्याची नजर माझ्या पांढऱ्या केसांवर होती.

"माझ्या वेळी मोबाइल घरी ठेव," मी म्हटलं, "आणि चुकलास तर परत घे."