कप्पीला लावलेला हात

"खाली बसा, बाई. ओंजळ धरा."

मी बसले. ओंजळ धरली. पाटलीणबाईंनी तांब्या आपल्या खांद्याइतका वर नेला आणि पाणी सोडलं. अर्धं ओंजळीत पडलं, अर्धं कोपरावरून ओघळत बाहीत गेलं. इस्त्रीचं पांढरं पातळ गुडघ्यापर्यंत भिजलं. पलीकडे लिंबाखाली डॉक्टर खुर्चीवर बसून पितळी पेल्यातून पाणी पीत होते. ऊन रणरणत होतं. मला तहान लागली होती. मी प्यायले.

थोड्या वेळापूर्वी मलाही पेलाच मिळणार होता. भरलेला पेला माझ्याकडे येत होता, तेवढ्यात पाटलीणबाईंनी विचारलं, "बाई, म्हायेर कुठलं तुमचं?"

"तामलवाडी."

"तामलवाडीत कुनाच्यातल्या म्हनायच्या?"

मी सांगितलं. महारवाड्यातली, असं सरळ सांगितलं. आमच्या घरात लपवायची रीत नव्हती. पेला मागे गेला. तांब्या आला.

आरोग्य खात्याचे साहेब शेजारीच उभे होते. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या, तसे साहेब त्यांना इंग्रजीत म्हणाले, तिला सवय आहे याची. गावाची रीत मोडून आपलं काम बिघडवायला नको. तिथल्या बायांना ते कळलं नाही. मला कळलं. सोलापूरच्या मिशनच्या शाळेत मी जीव लावून इंग्रजी शिकले होते. वडील गिरणीत राबून म्हणायचे, पोरगी साहेबाची भाषा बोलली पाहिजे. त्या भाषेचा मला झालेला उपयोग हा असा. एकच अपमान दोन भाषांत.

अनू, त्या दिवशी फोनवर तू सांगत होतीस, की तिकडे दवाखान्यांत किंवा म्हाताऱ्यांच्या सेवेत काही नवं सुरू केलं, की ते उपयोगी पडतंय का हे तुम्ही झटपट तपासून सांगता. वर्षानुवर्षं थांबायला कुणाला वेळ नसतो. मग हसून म्हणालीस, "आजी, तुला नाही कळणार ते." कळतं गं. तुझी आईसुद्धा जन्मली नव्हती तेव्हा मी हेच काम केलंय. एकच दिवस. त्या दिवसाचं तुम्हां सगळ्या नातवंडांसाठी लिहून ठेवते आहे. आधी काय, मग काय, असं क्रमानं सांगते. मला गुंता आवडत नाही.

निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती. मराठवाडा महाराष्ट्रात आला होता. कागदावर उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिव. आणि सगळ्या मुलखात नारू.

तुम्ही नारू पाहिलेला नाही. पायऱ्यांच्या विहिरीला आमच्याकडे बारव म्हणतात. बाया पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर भरायच्या. एखादीच्या पायात नारू असला की रोग पाण्यात उतरायचा. ते पाणी जो प्यायचा, त्याच्या अंगात आत कुठंतरी दोऱ्यासारखा जंत वाढायचा आणि कधीतरी पायाची कातडी फोडून बाहेर डोकवायचा. तो ओढून काढता येत नाही. तुटला तर पाय सुजतो, पिकतो, कायमचा आखडतो. म्हणून तो काडीला गुंडाळायचा. रोज थोडासा. काडी पोटरीला बांधायची आणि तशीच कामाला जायचं.

त्यावर सरकारनं उपाय काढला. पायऱ्या दगडांनी बुजवायच्या, वर कठडा बांधायचा, कठड्यावर कप्पी बसवायची. दोर-पोहरा आपापला आणा आणि वरूनच पाणी शेंदा. पाण्यात पायच पडला नाही तर नारू कसा होईल? साधी गोष्ट. चांगली गोष्ट. हे मी आजही म्हणते. काही गावांत तसं करून पाहिलं होतं. आता साऱ्या जिल्ह्यात करायचं की नाही, ते लवकर ठरवायचं होतं. म्हणून मद्रासकडचे एक डॉक्टर तपासणीला आले. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदीही नाही. पाणी बाया भरतात, तेव्हा बायांशी बोलायला बाईच हवी, असा त्यांचा आग्रह. धाराशिवात इंग्रजी बोलणारी आणि जीपमध्ये बसून खेड्यात जायला तयार असलेली बाई शोधता शोधता साहेब आमच्या दारात आले. तुमच्या आजोबांची मास्तरकी अजून कच्ची होती. "काम नीट झालं तर तुम्हाला खात्यात कायम करू," साहेब मला म्हणाले होते.

गावाचं नाव लिहीत नाही. तुळजापूर तालुक्यातलं होतं.

ओंजळीचं पाणी पिऊन झालं आणि मी पदर पिळून कामाला लागले. डॉक्टर पाय तपासत होते. बायांचे, पोरांचे, म्हाताऱ्यांचे. जुने व्रण होते, नवा नारू एकालाही नव्हता. डॉक्टरांचा चेहरा खुलत चालला होता. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नारू गेला त्ये खरं. पन सुना लई माजल्या बगा. पायऱ्या चढताना दम लागायचा, तोंड बंद ऱ्हायचं. आता कप्पीपाशी गप्पाच सरंनात!" बाया खिदळल्या. मी इंग्रजीत सांगितलं, डॉक्टरही हसले.

मग त्यांनी विचारलं, इथं सगळे पाणी भरतात का?

"समदे भरत्यात की," पाटलीणबाई म्हणाल्या. "सरकारची हीर हाय. आमी कोन अडवनार?"

मी ते शब्द न शब्द इंग्रजीत सांगितलं. माझी बाही ओली होती.

दुपार कलली आणि आम्ही निघालो. ओढ्याच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध एक बाई उभी होती. चालकानं भोंगा वाजवला. ती हलली नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पोटरीला काडी बांधलेली. काडीवर पांढरट दोऱ्याचे वेढे. तिचं नाव चांगुणाबाई. वस्ती तिथंच होती, बाभळीच्या पलीकडे. दिवसभरात आम्हाला तिकडे कुणी नेलं नव्हतं.

"सायेब, आमची बारव बगून जावा. हितंच हाय, वड्याच्या अंगाला. पायऱ्या बुजवा म्हनावं."

डॉक्टर खाली उतरले. वाकून काडी पाहिली. मग मला म्हणाले, हिला विचारा, गावात नवी विहीर असताना ही अजून जुन्या बारवेत का उतरते?

मी विचारलं.

"मला काय हौस हाय व्हय बाई?" ती म्हणाली. "तितं कप्पीला हात लावला तर हात मोडू म्हनत्यात. घागर घिऊन लांब हुबं ऱ्हायाचं. कुनाला दया आली तर वतनार. लेकरांनी तवर काय प्यावं? आन् आमची बारव बुजवा म्हनलं, तर हे सायेब म्हनत्यात, तुमाला नवी हीर दिलीया की."

मी डॉक्टरांकडे वळले. तोंड उघडणार, तेवढ्यात साहेब हळू आवाजात मराठीत बोलले. "बाई, सांगा, सवय आहे म्हणते. जुनी सवय सुटत नाही. एवढंच सांगा. पुढं अजून एक गाव उरकायचंय."

सवय.

मघाशी माझ्याबद्दल हेच म्हणाला होता हा माणूस. तिला सवय आहे. मला खाली वाकायची सवय. हिला पायात किडा वागवायची सवय. आम्हाला जे करायला लावलं त्याला हे सवय म्हणणार, आणि ते इंग्रजीत माझ्याच तोंडून वदवून घेणार. माझ्या वडिलांनी त्यासाठी गिरणीत छाती जाळली होती का?

मी चांगुणाबाईचं बोलणं सगळं सांगितलं. हात मोडण्याचं, दयेचं, लेकरांचं, साहेबांच्या उत्तराचं. आणि शेवटी माझं म्हणून एक वाक्य जोडलं: ही खरं बोलते का हे तुम्हाला तपासायचं असेल, तर गावात मी पाणी कसं प्यायले ते आठवा.

डॉक्टरांनी ओढ्याकडे पाहिलं. बारव पाहू या का, असं पुटपुटले. साहेब म्हणाले, ऊन उतरायच्या आत पुढचं गाव झालं पाहिजे. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मग फार मऊ आवाजात मला समजावलं, की आमच्यापुढचा प्रश्न लहान आहे. पायऱ्या बुजवल्या की नारू थांबतो का? थांबतो. बाकीचा प्रश्न समाजाचा आहे, तो आमच्या तपासणीत बसत नाही.

ते वाईट माणूस नव्हते. म्हणून तर हे लिहिते आहे.

साहेब माझ्याकडे वळले. सकाळपासून मी 'तुम्ही' होते. "तुला इथं भाषांतराला आणलंय, पुढारीपण करायला नाही. बस गाडीत."

"मी बसत नाही."

"कायम व्हायचंय ना खात्यात?"

"नाही व्हायचं."

जीप गेली. धुरळा बसायला वेळ लागला. माझा घसा कोरडा पडला होता. मी चांगुणाबाईकडे पाणी मागितलं. तिनं मान हलवली. "आमचं न्हाई देत बाई. तुमाला बी नारू व्हईल." त्या दिवशी मला पाण्याचं भांडं नाकारणारी ती दुसरी. माझ्या जिवाची काळजी करून नाकारणारी ती एकटीच.

"दोर हाय का घरात?" मी विचारलं. माझ्या आईची बोली माझ्या तोंडात कधी आली ते मलाच कळलं नाही.

ती बाभळीपलीकडे घरात गेली. दोर आणि पोहरा घेऊन आली. घागर तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतली. मी तिला ये म्हटलं नव्हतं.

गावातल्या विहिरीवर त्याच बाया होत्या. मी दोर कप्पीवरून टाकला. कप्पी करकरली. पोहरा भरून वर आला. मी तो कठड्यावर टेकवला, तोंड लावलं आणि पोटभर पाणी प्यायले. उभी राहून. मग उरलेलं चांगुणाबाईच्या घागरीत ओतलं.

"बाटली गं बया! हीर बाटली!" पाटलीणबाई ओरडल्या. बायांनी भरलेल्या घागरी तिथंच पालथ्या केल्या. चावडीवरची माणसं धावत आली. मला कुणी हात लावला नाही. माझं पातळ पांढरं होतं, मी जीपमधून आले होते. त्यांनी चांगुणाबाईला ढकललं. ती कठड्यावर आदळली. घागर फुटली. पोटरीवरची काडी मोडली आणि नारू तुटला. ती ओरडली नाही. नुसता श्वास आत घेतला, फार मोठा.

पाय सुजला, पिकला. मी धाराशिवहून डॉक्टरी औषध नेलं, मलमपट्टी केली. गुडघा आखडला तो आखडलाच. एकदा मी पट्टी बांधत असताना ती छपराकडे बघत म्हणाली, "तुमी जाल बाई धाराशिवला. हितं आमालाच ऱ्हायाचंय. रानात कुनी कामाला बोलवंना."

मी पट्टीची गाठ मारली.

तपासणी यशस्वी झाली. उपाय खरोखरच गुणकारी होता. गावोगावी पायऱ्या बुजल्या, कप्प्या बसल्या. चांगुणाबाईच्या बारवेच्या पायऱ्या तशाच उघड्या राहिल्या, आणि वस्तीतल्या बाया त्या उतरत राहिल्या.

पट्टी बांधून तिच्या झोपडीतून बाहेर पडताना मी जे ठरवलं ते असं. कुणापुढं ओंजळ धरणार नाही. दुसऱ्यानं सांगितलेलं खोटं माझ्या तोंडातून जाणार नाही, मराठीतही नाही आणि इंग्रजीतही नाही. आणि या वस्तीत मी येत राहीन. चांगुणाबाई बोलो न बोलो, दर बाजाराच्या दिवशी एसटीनं येईन, आणि त्या कप्पीला हात लावीन. पुढच्या वेळी मार पडला तर आधी माझ्यावर पडेल अशी उभी राहीन. तशी मी येत राहिले.

अनू, तुझं काम चांगलं आहे. कर. पण नव्या उपायाचं कौतुक सांगणारी माणसं तुझ्याभोवती जमली, की त्यांना विचार, इथं कोण आलेलं नाही? ती माणसं कुठं राहतात? तिथं चालत जा. घड्याळ बघणारे साहेब तुझ्या शेजारीही असतील. ते म्हणतील, तेवढं आपल्या तपासणीत बसत नाही, चला, गाडीत बसा.

मी बसले नाही. तूही बसू नकोस.