आमचाच लेख, विकत

आलापल्लीपलीकडच्या एका गावात आम्ही सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी करणार होतो, तेव्हा रक्त द्यायला कुणी तयार नव्हतं. त्या गावात एकट्याने काही ठरवायची पद्धत नाही. सगळ्यांचा होकार मिळेपर्यंत बैठक उठत नाही. शेवटी आमच्या आरोग्यसेविका बाई माझ्याकडे हात करत उभ्या राहिल्या. "जे सापडन ते डॉक्टरभाऊ छापल्या कागदासकट आणून देतीन. माही जबान हाय," म्हणाल्या, आणि पहिलं बोट त्यांनीच पुढे केलं.

दोन वर्षांनी परदेशातल्या एका वैद्यकीय नियतकालिकाने त्या तपासणीवरचा आमचा लेख घेतला. मी हरखून फॉर्मवर सही ठोकली. काय लिहून दिलं ते चंद्रपूरच्या इंटरनेट कॅफेत कळलं. लेखाचं नाव दिसत होतं, खाली माझं नाव दिसत होतं, आणि वाचायचं तर डॉलर भरा! तळपायाची आग मस्तकात गेली. पण चिडायचं कुणावर? लेख छापायचे, वाटायचे सगळे हक्क मीच त्यांना देऊन बसलो होतो.

गावात काय सापडलं ते तोंडी सांगितलं, आणि कागद का नाही तेही. एक म्हातारे शांतपणे म्हणाले, "रगत आमचं, मंग सही तुमी एकट्यानंच काऊन केली?" बाई मान खाली घालून बसल्या होत्या. फार लाज वाटली.

त्याच गावातल्या पुढच्या अभ्यासाच्या अर्जात मी एक खर्च वाढवला: लेख कुणालाही फुकट वाचता यावा म्हणून नियतकालिकाला द्यायची फी. "औषधं मागा, गाडी मागा. कागदाला कसले पैसे?" निधी देणाऱ्या संस्थेचे साहेब म्हणाले. मीही हट्टाला पेटलो. नागपूरला खेपा घातल्या, नको तितकं बोललो. शेवटी उपकार केल्यासारखा तो खर्च त्यांनी मान्य केला.

लेख झाल्यावर नवा फॉर्म आला, तो कोराच गावात नेला. एकेक कलम मी मराठीत सांगायचो, कुणी ते गोंडीत सांगायचं. दुपार त्यातच गेली. इतके दिवस माझ्याशी कामापुरतं बोलणाऱ्या बाईंनी विचारलं, "दुसऱ्या गावच्या डॉक्टरले हे पैसे न भरता भेटन?"

"भेटेल."

"कुठी लिवलं हाय?"

मी ओळीवर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिल्या. मग बैठकीकडे वळून हळूच म्हणाल्या, "पुन्हा जबान देऊ काय?"

"नोको बाई," म्हातारे म्हणाले. "ह्या खेपेले त्यायची सही सगळ्यायसमोर होऊन राह्यली."