मेश्रामकाकांचा जहाजातला वाटा

कंपनीचा वार्षिक अहवाल हातात आला की मेश्रामकाका तो मागून वाचायला घेत. "समोर फोटो राहते, बाई. खरं सगळं मांगं राहते," असं म्हणत ते शेवटच्या पानांतल्या बारीक अक्षरांखाली पेन्सिलीने रेघा ओढत. उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये ते पोलादी पत्रे तपासायचे, मी तिथेच ऑफिसात मालाची चलनं बनवायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण उभी हयात इकडे हिंदी मुलखात, मिलजवळच्या गुढियारीत गेली. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

आमच्या मिलचे पत्रे एका जहाजबांधणी कंपनीला जात. "आपला पत्रा पाण्यावर तरंगते," एवढ्या एका अभिमानापोटी काकांनी त्या कंपनीचे शेअर घेतले. काकांनी घ्या म्हटलं म्हणून मी घेतले आणि क्रेन चालवणाऱ्या साहूनेही घेतले. काही वर्षं बरी गेली. मग तिकडे जाणारे ट्रक कमी झाले, शेअरचा भाव कोसळला, काका निवृत्त झाले. अशात कंपनीचं पत्र आलं. जुन्या भागधारकांनी कमी भावात आणखी शेअर घ्यावेत, त्या पैशातून अडकलेली जहाजं पूर्ण होतील, असं त्यात लिहिलं होतं.

साहूने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले पैसे काढायची तयारी केली. "काका बोलेंगे तो डाल देंगे," हे त्याचं एकच वाक्य. ते ऐकून काका फार थकलेले दिसायला लागले. एकदा वैतागून म्हणाले, "माह्या तोंडाकडं पाहून काहून ठरवून राहिले रे तुम्ही?" आणि दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधून, दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून, ते एकटेच कंपनीच्या गोदीवर गेले.

परतल्यावर रविवारी दुपारी त्यांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. डोळे खोल गेले होते. काकूंनी पुढे केलेलं पाणीसुद्धा तसंच राहिलं.

"फाटकावर अडवलं मले. म्हटलं, मी शेअरहोल्डर आहो. तो गार्ड हसला," काका म्हणाले. "पण जहाज बाहेरूनच दिसते. अर्धं उभं हाय. पत्र्याले लाल रंगाचा एक हातही मारला नाही. गंजून पापुद्रे निघून राहिले."

पत्र्याविषयी काका बोलत असताना वाद घालायला जागाच नव्हती.

"कामगार समोरच्या टपरीवर बसले होते. कित्येक महिने झाले, पगार नाही." ते थांबले, मग साहूकडे वळले. "पैसे टाकू नको. पहिले घे म्हणून मीच सांगितलं, ते चुकलं माहं. पोट्टीची फी भर."

साहूने मान खाली घातली. इतक्या वर्षांत काकांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता.

"आणि तुमचं काय?" मी विचारलं.

"मी भरले. काल बँकेत जाऊन आलो."

साहू ताडकन उठला. "हमको मना कर रहे हो, और खुद भर दिए?"

"बस, बस," काका म्हणाले. "टपरीवरल्या एका कामगार पोट्ट्यानं विचारलं, काका, तुम्ही भरसान का? तुम्ही भरलं तर आमचा पगार निघंल. मी हव म्हणून बसलो. आता काय करू?"

आत काकूंनी भांडं जरा जोरात ठेवलं, पण त्या बाहेर आल्या नाहीत.

पगार निघाला नाही. कंपनी दीड-दोन वर्षांत बंद पडली, प्रकरण कोर्टात गेलं. मग आमच्यात तो विषय कधी निघाला नाही. काका पेपर वाचत, पण शेअरबाजाराचं पान न उघडताच घडी घालत. कुणी सल्ला विचारला तर, "मले नको इचारू," एवढंच म्हणत. साहू मात्र दर रविवारी येत राहिला. दोघं तासभर बसत.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर काकूंची कागदपत्रं भरायला मी गेले. पेन्शन झालं, बँक झाली. शेवटी ते शेअर काकूंच्या नावावर करायचा फॉर्म उरला.

"याची आता काही किंमत नाही, काकू. सोडून देऊ," मी म्हटलं.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "तरी माहं नाव टाक."

मी फॉर्मवर त्यांचं नाव लिहिलं. सहीच्या जागी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली.