खो ऐकू आला पाहिजे

दर शनिवारी आमच्या वस्तीवर कॉलेजची मुलं-मुली येतात. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्यांची ही वस्ती. आधी ते नुसता अभ्यास घ्यायचे. आमच्या पोरींनी खो-खोचा हट्ट धरला, तेव्हापासून त्यांच्यातली एक खेळाडू मुलगी शिकवायला येते. सगळे तिला ताई म्हणतात, मीसुद्धा.

माझी मुलगी पळते छान, पण बोलते माझ्यासारखी, तोंडातल्या तोंडात. खो मोठ्याने द्यावा लागतो. हिचा पंचाला ऐकूच जायचा नाही, की फाऊल. कॉलेजच्या मैदानावर दुसऱ्या वस्तीशी सामना ठरला आणि ही घरी येऊन रडायला लागली. "मी नाय खेळत. माझ्यामुळं सगळ्या हरतील."

मी काय समजावणार? मला दुकानदारही दोनदा विचारतो, काय पाहिजे म्हणून.

पोरीला आणि शेजारणीला सोबत घेऊन ताईकडे गेले आणि कसंबसं पुटपुटले, ही खेळायचं नाही म्हणते. शेजारीण मात्र हसली. "ताई, या पोरीला बागेत पाखरं हाकताना ऐका एकदा! रस्त्यावरची माणसं वळून बघतात."

"मग सराव बागेतच करू," ताई म्हणाली.

घडाला हात लावायचा नाही, या बोलीवर मालकाने परवानगी दिली. पोरी ओळींमधून पळत आधी 'हाऽऽ हुर्रऽऽ' करायच्या, मग त्याच आवाजात 'खो!' मालक खूश. "रोज या गं, पाखरं फिरकंना झालीत."

सामन्याच्या दिवशी एवढं मोठं मैदान, एवढी माणसं बघून पोरीचा आवाज पुन्हा बसला. पहिल्याच खोला फाऊल. तिने माझ्याकडे बघितलं. रडणार, असं वाटलं. मी कधी उभी राहिले मलाच कळलं नाही.

"हाऽऽ हुर्रऽऽ!"

अख्खं मैदान वळलं. आमच्या बाया पदरात तोंड लपवून हसल्या, मग त्याही सुरू झाल्या. पंच म्हणाले, "अहो मावशी, पाखरं कुठायत इथं?" पोरगी खुदकन हसली, आणि तिचा पुढचा खो फाटकापर्यंत गेला असेल.

सामना थोडक्यात हरलो. पण त्या पहिल्या फाऊलनंतर तिला एकही फाऊल लागला नाही. परत येताना टेम्पोत तिचा घसा बसला होता, तरी गप्प बसेना.

"मम्मी, किती जोरात ओरडलीस तू!"

"तुला ऐकू आलं?"

"सगळ्या कॉलेजला आलं!" मग म्हणाली, "शनिवारी मला लवकर उठव हां. सराव हाय."